भोजलीचं घर रेषेच्या आत

या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही. एक नाव मला घेता येत नाही, म्हणून बाकीचीही घेत नाही. एकीलाच बिननावाची ठेवणं मला बरं वाटेना. ते नाव का घेता येत नाही हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल.

लग्न होऊन मी नागपूरहून आले ती थेट रायपूर शहरात नाही. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि त्यांचं पहिलं सरकारी क्वार्टर शहराबाहेर, खारून नदीच्या काठी होतं. दोन खोल्या, कवेलूचं म्हणजे कौलांचं छप्पर आणि समोर जुना दगडी बांध. बांध खात्याचा नव्हता. गावच्या मालगुजारानं, म्हणजे जमीनदारानं, कधीकाळी बांधलेला. नदीच्या पात्रात दगडी खांबांची रांग, आणि खांबाखांबांमध्ये लाकडी पटरे बसवायच्या खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत पटऱ्यांच्या दोन ओळी उभ्या करायच्या, मधल्या फटीत काळी माती आणि धानाचा पैरा, म्हणजे पेंढा, ठासायचा, की पाणी अडलं. पावसाळ्याआधी पटरे काढून घ्यायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. हे काम गावातलं एकच घर पिढ्यान्‌पिढ्या करत आलं होतं. त्यांचं घर बांधाच्या अगदी टोकाला होतं, आमच्या क्वार्टरच्या शेजारी.

मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते. सामानात एक पेटी पुस्तकांची होती. तुमचे आजोबा सकाळी कालव्यावर जात ते दिवेलागणीला परत येत. तोपर्यंत बोलायला कुणी नाही. ते परतले की मी तशीच ओसरीवर बसलेली असायची.

“काहून अशी बसून राहिली?” ते विचारत. “शेजारी जात जा ना.”

“काय बोलू त्यांच्याशी? मले त्यांचं समजत नाही, त्यांले माझं नाही.”

“मग तर भांडणबी होणार नाही,” ते म्हणत आणि हातपाय धुवायला जात.

शेजारच्या घरात माझ्याच वयाची नवी सून होती. पटरेवाल्यांची सून. ती कुंपणावरून बघायची, हसायची, आणि मी हसले की पळून जायची. श्रावणात तिथल्या मुली आणि सुना बांबूच्या टोपल्यांत गहू पेरतात. टोपली अंधारात ठेवतात, त्यामुळे रोप पिवळं धमक येतं. त्यालाच भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी गात गात टोपल्या डोक्यावर घेऊन नदीवर येतात आणि शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. त्या दिवशी बांधाच्या पायऱ्यांवर गर्दी होती. मी ओसरीतून बघत होते. शेजारची सून ओल्या लुगड्यानं सरळ माझ्याकडे आली, रोपाची एक जुडी माझ्या कानामागे खोवली, दुसरी माझ्या हातात दिली आणि स्वतःचा कान पुढे केला. मीही खोवली. मला वाटलं, आपल्याकडे दसऱ्याला सोनं देतात तसं काही असेल. मग मी शिष्टाचार म्हणून तिचं नाव घेऊन तिचे आभार मानले. नाव मला माहीत होतं. तिची सासू दिवसभर तेच ओरडत असे.

सगळ्या बायकांनी एकदम तोंडावर पदर घेतला. एका म्हातारीनं जीभ चावली. माझी शेजारीण मात्र इतकी हसली की पायरीवरून घसरली असती.

तुमच्या आजोबांनी संध्याकाळी समजावून सांगितलं. एकमेकींच्या कानात भोजली खोवली की त्या दोघी जन्माच्या मैत्रिणी. बहिणीहून जवळच्या. त्या दिवसापासून एकीनं दुसरीचं नाव घ्यायचं नाही. दोघी एकमेकींना भोजली म्हणणार, आणि भेटल्या की रामराम नाही, “सीताराम भोजली” म्हणणार. लग्नासारखं आहे ते, म्हणाले. फक्त यात मोडायची सोय नाही.

नाव मी घेतलं ते तेवढं एकदाच.

क्वार्टर सुटलं, आम्ही शहरात बूढ़ापाऱ्यात घर घेतलं, तुमचे बाबा तिथे वाढले. पण तुमच्या आजोबांचा जीव त्या बांधात होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी बांधाच्या पाण्यावर भिजणारा जमिनीचा एक लहान तुकडा विकत घेतला आणि त्यात लिंबं लावली. माझी भोजली लिंबांकडे बघायची. आठवड्याच्या बाजाराला ती शहरात यायची, वांगी आणि भाजी विकायची आणि उरलेली भाजी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. पाटावर नाही, उंबऱ्यावर. तिथे वारा लागतो, म्हणायची. ती छत्तीसगढी बोलायची, मी माझं नागपुरी. आम्हाला दोघींनाही ते वेगळं आहे हे आठवेनासं झालं होतं. इथे मी तिचं बोलणं मराठीतच लिहिते, एखाददुसरा शब्द सोडून.

तुमचे आजोबा गेले. तुमचे बाबा आधी बंगलोरला आणि मग समुद्रापलीकडे गेले. घरात आवाज राहिला तो फ्रिजचा आणि बाहेरच्या स्कूटरींचा. मी सगळं वेळच्या वेळी करायची. सकाळी तलावाभोवती एक फेरी, मग पेपर, मग वरणभात. एकटीसाठी कुकर लावताना शिट्ट्या मोजायची सवय गेली नाही. तुमचा फोन रविवारी. आठवड्यात माझ्याशी समोरासमोर बसून बोलणारं माणूस एकच होतं आणि ते बाजाराच्या दिवशी उंबऱ्यावर बसायचं.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, त्यानंतरच्या एका मोठ्या पुरात बांधाचे मधले खांब वाहून गेले. त्या वर्षी पटरे बसलेच नाहीत. खाचाच नव्हत्या. माघ सरता सरता नदी आटली, मग गावातल्या विहिरी खाली गेल्या. बायका पात्रातल्या वाळूत झिरिया खोदायच्या, म्हणजे हातभर खड्डा, आणि त्यात पाणी झिरपायची वाट बघत वाटीवाटीनं भरायच्या. माझी लिंबं वाळली. भोजलीची वांगीही.

“मुलगा बोलावतोय,” ती एके दिवशी उंबऱ्यावर बसून म्हणाली. तिचा मुलगा पुण्याकडे बांधकामावर होता. “म्हणतो, आई, तिथे काय राहिलंय? असेच दोन-तीन उन्हाळे गेले तर मी जाईन, भोजली.”

“पत्र्याच्या खोलीत राहशील तिथे?”

“नळ तर आहे पत्र्याच्या खोलीत.”

ती गेल्यावर मी उंबऱ्याकडे बघत बसले. मला बांध पुन्हा उभा हवा होता तो या उंबऱ्यासाठी, हे तुम्हाला खरं सांगते. लिंबांसाठी नाही.

बांध दुरुस्त करायला पंचायतीकडे पैसा होता. गावकामाच्या योजनेतून मिळत होता. अडलं होतं परवानगीवर. नदीच्या पुराच्या वाटेत काहीही उभं करायचं तर सरकारची परवानगी लागते, आणि अर्जावर सरपंचांबरोबर बांधाच्या पाण्यावर जमीन भिजणाऱ्या एका खातेदाराची सही लागते. गावातले खातेदार सरकारदरबारी सही करायला बिचकत होते. मी बिचकत नव्हते. ओव्हरसियरची बायको म्हणून मी आयुष्यभर कचेऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. मी मुख्य अर्जदार झाले.

अर्ज मी इंग्रजीत लिहिला. समास सोडून, परिच्छेद पाडून, अक्षर सुवाच्य. कचेरीतल्या बाबूंनी तो उभ्यानं वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “माताजी, लिखा तो बहुत बढ़िया है. पर इसे पढ़ेगा कौन?”

मग हिंदीत लिहिला. तो पाटबंधारे खात्यानं घेतला आणि विचारलं, बांध कोणाचा? आमच्या नोंदीत नाही. मी महसूल खात्यात गेले. ते म्हणाले, बांध मालगुजाराचा, मालगुजारी तर केव्हाच संपली, तेव्हा बांध आता कोणाचा हे पाटबंधारेवालेच सांगतील. मी परत आले. बाबूंनी विचार केला.

“नदी में है ना? तो जिसकी नदी, उसका बांध.”

“आणि नदी कोणाची?”

“यही तो पूछना पड़ेगा,” ते म्हणाले, आणि खरंच वरच्या कचेरीला विचारलं. उत्तर यायला एक पावसाळा गेला. दर बाजाराला भोजली उंबऱ्यावर बसता बसता विचारायची, “का भोजली, सरकार जागिस?” जागं झालं का सरकार तुझं? मी म्हणायची, कूस बदललीय.

नदी सरकारची ठरली, बांधही सरकारचा ठरला, आणि मग प्रश्न आला की ही दुरुस्ती की नवं बांधकाम? तो सुटेतोवर मोठ्या कचेऱ्या शहरातून उठून नव्या राजधानीत गेल्या. आमची नस्तीही त्यांच्याबरोबर गेली.

नवा रायपुर तुम्ही फोटोत पाहिलंय. बाबांनी तुम्हाला ते चकचकीत रस्ते दाखवले होते. मी शहरातल्या तेलीबांध्याहून बसनं जायची. बस कमी, त्यामुळे गेलं की दिवस गेला. रस्ते इतके रुंद की पलीकडे जाताना मध्येच आपण इकडे का निघालो होतो याचा विसर पडावा. दुतर्फा लहान लहान झाडं, प्रत्येकाला आधाराची काठी. माणूस दिसायचं नाही. फाटकावर पास करून घ्यायचा, कुणाला भेटायचं ते सांगायचं, मग लांब गार व्हरांडा आणि शेवटी बंद दार. साहेब मीटिंगमध्ये. डबा खायला आवारातल्या एका बाकावर बसायची. चहाची टपरी नाही, कुत्रं नाही, कावळासुद्धा क्वचित. बूढ़ापाऱ्यात एकटं वाटलं की खिडकी उघडली तरी पुरतं; तिथे खिडक्या उघडतच नव्हत्या. पासच्या खिडकीवरचा माणूस मात्र ओळखायला लागला. “आ गईं माताजी? आपका बांध बना कि नहीं?” असं मोठ्यानं विचारायचा. दिवसातलं माझं तेवढंच संभाषण.

शेवटी उत्तर आलं. दुरुस्ती मानायला तयार आहोत, पण खांब पुन्हा उभे राहिले की पुराचं पाणी त्यांच्यामागे किती चढेल, कुठपर्यंत पसरेल, ते मोजावं लागेल. मोजणीला एक तरुण इंजिनिअर मुलगी आली. डोक्यावर टोपी, पायात बूट, पाठीला थैली. मी सरपंचांशी हिंदीत बोलत होते, मधेच भोजलीच्या कोंबडीवर मराठीत ओरडले, तर ती वळून हसली.

“तू मराठी आहेस का गं?”

“हाँ आजी. पापा भंडारा के हैं, रेलवे में थे. समझती सब हूँ, बोलने में गड़बड़ हो जाती है.”

“मग बोल ना गडबड. इथं कोण ऐकून राहिलं?”

ती लाजली. पुढचं सगळं ती हिंदीत बोलली आणि मी मराठीत, आणि आमचं काही अडलं नाही. दिवसभर ती दुर्बीण लावून, पट्टी धरायला माणसं उभी करून नदीकाठ मोजत होती. भोजलीनं तिला भाकरी आणि टोमॅटोची चटणी दिली. ती दोनदा मागून खाल्ली तिनं. मला किती बरं वाटत होतं म्हणून सांगू. आपलं काम आता आपल्या माणसाच्या हाती आहे असंच वाटलं.

उन्हं उतरताना तिनं लाल रंगाचा डबा काढला. जिथपर्यंत पाणी येईल तिथे खुणा करायच्या होत्या. एक खूण बांधाच्या पायरीवर, एक पिंपळावर, एक पडक्या क्वार्टरच्या भिंतीवर, आणि मग ती भोजलीच्या घरासमोर येऊन थांबली. नुकतीच लिंपलेली भिंत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि दाराच्या कडीच्या बऱ्याच वर एक आडवी रेघ ओढली.

“म्हणजे काय गं?”

“आजी, ये घर लाइन के अंदर है. लाइन के अंदर जो भी रहता है, उसको पहले शिफ्ट करना पड़ता है. तभी परमिशन बनती है.”

“अगं, शंभर वर्षं बांध उभा होता आणि शंभर वर्षं हे घर उभं होतं. तेव्हा तर कुणी हलवलं नाही.”

“तब सरकार ने नापा नहीं था ना, आजी.”

रेषेच्या आत गावातलं ते एकच घर होतं. बांधाची चाकरी करणाऱ्यांचं घर बांधाजवळच असणार.

भोजलीनं ओल्या रंगाला बोट लावून बघितलं. “लिंपण खराब केलं पोरीनं,” एवढंच म्हणाली.

पंचायतीच्या ओट्यावर सुनावणी झाली. नव्या राजधानीतून एक साहेब आले होते, सभ्य गृहस्थ, माझ्या मुलाच्या वयाचे. खाली सतरंजीवर गाव बसलं होतं, बायका एका बाजूला. त्यांनी वाचून दाखवलं. बांधाला परवानगी मिळेल. रेषेतल्या घराला नव्या राजधानीच्या कडेला पुनर्वसनाच्या वस्तीत पक्कं घर मिळेल. हरकत असेल त्यानं सांगावं. मग ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “मैडम, मुख्य आवेदक आप हैं. आप आज आवेदन वापस ले लें, तो मामला यहीं खत्म. न बांध बनेगा, न कोई घर हटेगा.”

ते सहज म्हणाले, मदत म्हणून. मी किती वर्षं खेटे घातले ते तुम्ही वाचलंच. पण ते वाक्य ऐकल्यावर मला जे वाटलं ते सुटकेचं होतं. परत घेऊन टाकू. बांध राहू दे मोडका. दोन-तीन उन्हाळे म्हणाली होती, त्याहून जास्त ती थांबली होती; आणखी दोन-तीन थांबली असती, दोन-तीन उन्हाळे म्हणजे किती तरी बाजार. मी उठले. पदर सारखा केला. “मी काय म्हणते साहेब—” इतकं म्हटलं असेल, तोच मागून माझा पदर कुणीतरी ओढला.

“बस खाली,” भोजली म्हणाली.

“मी बोलतेय ना.”

“काय बोलणार आहेस ते तुझ्या पाठीवरूनच दिसतंय. बस.”

बायका हसल्या. मी बसले नाही. मी वळून तिला तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं, की तुझं घर जाणार आहे, तुला समजतंय का? तिथे नदी नाही, ओळखीचं कुणी नाही, बाजारची बस नाही.

“घर म्हणजे काय गं? माती. दर साली मीच लिंपते.” तिनं बायकांच्या रांगेकडे हात केला. “ह्या वाळू खरवडतात पहाटेपासून. ह्यांच्या लेकरांना मी काय सांगू, की माझ्या भोजलीला पाणी नको होतं, मी हवी होते?” मग आवाज खाली आणून, पण तरी सगळ्यांना ऐकू जाईल असा, “इतकी इंग्रजी शिकलीस आणि शेवटी कोंबडीसारखी एका उकिरड्याला धरून बसतेस. पुण्याला जाणार होते त्यापेक्षा हे जवळच झालं की.”

पुन्हा बायका हसल्या. साहेबही हसले, त्यांना छत्तीसगढी येत असावी. ते म्हणाले, “तो मैडम?”

मी म्हटलं, आवेदन वापस नहीं लेना है. आणि मग खाली बसले.

हुकूम झाला. भोजलीनं घरातून काय नेलं ते मला आठवतं, कारण मी ट्रॅक्टरपाशी उभी होते. कवेलू एकही सोडली नाही, पक्क्या घराला त्यांचा उपयोग नसूनही. जातं. दोन कोंबड्या. बांधाचे जुने दोन पटरे, नवऱ्याच्या हातचे; खाटेखाली घालीन म्हणाली. पावसाळा संपल्यावर खांब उभे राहिले, पंचायतीनं माणसं लावून पटरे बसवले. ते बघायला मी मुद्दाम गेले. पाणी अडलं होतं. अगदी पूर्वीसारखं, जुन्या पायऱ्यांच्या अर्ध्यावर आलं होतं. बायका घागरी बुडवत होत्या, पोरं खांबांवरून उड्या मारत होती. मला कुणी ओळखलं, कुणी नाही. क्वार्टरची भिंत पडली होती आणि तिच्या घराच्या जागी उंबऱ्याचा दगड तेवढा होता. मी त्यावर बसले. वारा लागत होता. समोर इतकं पाणी, आणि ते बघ म्हणायला शेजारी कुणी नाही. बसची वेळ होईतो बसले आणि परत आले.

बाजाराच्या दिवशी मी स्वयंपाकघरातच जेवायला लागले. सवयीनं तिची कपबशी निघायची, परत ठेवायची. ती त्या वस्तीतून येऊ शकत नव्हती; दोन बस बदलाव्या लागत आणि दुसरी कधी यायची, कधी नाही. फोन होता तो पुण्याच्या मुलाचा, त्याचा नंबर बदलला. असा हिवाळा गेला. मग एक दिवस मी डबा भरला आणि निघाले.

वस्ती नव्या राजधानीच्या कडेला, जिथे रुंद रस्ता एकदम संपतो तिथे. एकसारखी घरं, एकाच रंगाची, गल्लीमागून गल्ली. निरनिराळ्या गावांतून उठवलेली माणसं तिथे आणून बसवलेली. तोंडाशीच किराण्याचं दुकान होतं. मी म्हटलं, भैया, एक घर हवंय.

“किसका घर? नाम बताइए.”

मी तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. ते घेतलेलं चालतं. पण ती इथे राहायला येण्याच्या किती तरी आधी तो मनुष्य गेला होता, त्याला इथे कोण ओळखणार? मी गावाचं नाव सांगितलं. बांधावरचे पटरेवाले म्हणून सांगितलं. दुकानदार म्हणाला, बांध? कौन सा बांध?

“उनका खुद का नाम बोलिए ना, माताजी. औरत का नाम भी चलेगा.”

ओठांवर आलं होतं. तुम्ही म्हणाल, आजी, घ्यायचं एकदा, कोण बघतंय? बघत कुणीच नव्हतं. म्हणूनच मला ते घेववेना.

मी गल्लीच्या तोंडाशी गेले आणि मोठ्यानं हाक मारली, “सीताराम भोजली!”

आयुष्यात मी रस्त्यावर ओरडले नव्हते. दोन गल्ल्यांत दोन दारं उघडली. दोन्हींत म्हाताऱ्या. एकीनं डोळ्यांवर हात धरून मला नीट पाहिलं आणि आत गेली. दुसरी पायरी उतरून खालीच आली. अगदी जवळ येईपर्यंत तिचा चेहरा आशेनं उघडा होता, मग मिटला.

“मला वाटलं माझी आली,” ती म्हणाली. तिच्या भोजलीचं घर दुसऱ्या एका वस्तीत होतं; कुठल्या, ते हिला ठाऊक नव्हतं. तिनं मला लोट्यातून पाणी दिलं. पाणी थोडंच होतं, मी घोटभर घेतलं. “अशी गल्लोगल्ली नको फिरू. नळ यायची वेळ होतेय. वस्ती सगळी टाकीपाशी असेल. तिथे मार हाक.”

टाकीपाशी बादल्यांची रांग लागली होती. हाक मारावी लागली नाही. शेवटाकडे, दोन बादल्या आणि एक घागर पुढे मांडून माझी भोजली कुणाशी तरी भांडत उभी होती. मला बघून तिनं भांडण पुरं केलं आणि मग म्हणाली,

“सीताराम भोजली. बघ, पाणी तुझ्या बांधाला आणि लाइन माझ्या कपाळी.”

तिनं माझा डबा हातातून घेतला, उघडून हुंगला, “वांगी विकतची घेतलीस ना? वासावरूनच कळतं,” म्हणाली. बांधाला किती पाणी आहे विचारलं. मी पायरी सांगितली. कुठली, वरून की खालून, ते पुन्हा विचारून घेतलं. मग मान हलवली.

“माझी जागा धर,” ती म्हणाली. “मी चहा ठेवून येते. आणि त्या लाल लुगडेवालीला पुढे घुसू देऊ नको, ती घुसते.”

ती गेली. मी तिच्या बादल्यांमागे उभी राहिले, हातात पर्स, पायांत बंद चपला. लाल लुगडेवालीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्ही कोण?”

“उसकी भोजली,” मी म्हटलं. तिनं मान डोलावली आणि तिला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

रांग सरकली. मी बादल्या सरकवल्या, मग घागर. शेवटची बस चुकणार हे कळत होतं. नळाला पाणी आलं तेव्हा भोजली अजून परतली नव्हती, म्हणून पहिली बादली मीच लावली.